पाठीने ऐकलेलं इंजिन

मला पडून राहणं जमत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आंघोळीचं पाणी तापेपर्यंतही मी एका जागी थांबत नाही, तेवढ्यात अंगण झाडून होतं. अशा बाईच्या कमरेत डॉक्टरांनी स्क्रू घातले आणि सांगितलं, बसायचं कमी, पडायचं जास्त. वर्ष होत आलं. आर्णीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझा पलंग आहे आणि पलंगावर पंखा. त्याचं एक पातं जरा वाकडं आहे. बघून बघून मला आता त्या पात्याचा राग येतो.

तरी कसंबसं निभावलं असतं, पण लेकीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. इथे आईलाच उठवायला माणूस लागत होता, म्हणून ते तिच्या सासरी, मुकुटबनला झालं. सिझेरियन, त्यात टाके चिघळले आणि तिला प्रवास बंद झाला. बारसं मी मोबाइलवर पाहिलं. कोणीतरी फोन पाळण्यावर धरला होता, मला दोरी दिसली आणि एक मूठ दिसली. त्या दिवशी मी आधी रडले आणि मग चिडले. मला जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

एकदा निघालोही होतो, भाड्याची गाडी करून. घाटंजीच्या पुढे ती बंद पडली. मला बसता येईना, म्हणून रस्त्याकडेला बाभळीखाली चटई टाकून मला आडवं केलं. येणारे-जाणारे गाड्या थांबवायचे आणि माझ्याकडे बघून आमच्या ह्यांना विचारायचे, "बाई जिवंत हाये न?" शेवटी मीच खालून ओरडून सांगायला लागले की आहे, आहे, तुम्ही जा. घरी परत आले ती कापसाच्या पिकअपमध्ये, कापसावर झोपून. खरं सांगते, वर्षभरातला सगळ्यात सुखाचा प्रवास तोच. पण तेव्हापासून पोटात भीती बसली. गाडी सुरू झाली की मला वाटायचं, ही आता थांबणार.

लेकीकडे रुग्णवाहिकेतून जायला मी साफ नकार दिला. ती दारात लागली की सारी आळी डोळे पुसत जमते. व्हॅनमध्ये हाडं खिळखिळी होतात आणि उंच जीपमध्ये मला चढता येत नाही. मग ठरलं की मागून लांब असलेली गाडी घ्यायची. छत शेवटपर्यंत सरळ गेलेलं असतं आणि मागची सीट पाडली की डिक्कीपर्यंत सपाट जागा होते, तसली. पण तसल्या गाड्या आता नव्या निघत नाहीत. मिळतील त्या जुन्या, आणि जुन्या गाडीत खरा प्रश्न एकच असतो, इंजिन.

इंजिनाची काळजी आमच्या घरात कोणी करायची गरजच नव्हती. आमच्या ह्यांनी सगळी नोकरी दिग्रसला एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर म्हणून केली. इंजिन ऐकून त्याचा आजार सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती. कोणी ट्रॅक्टर घेवो की पाण्याचा पंप, ह्यांना सोबत न्यायचं. हे पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग भोवतीची माणसं खोकायचीसुद्धा नाहीत. मी हे एकदा पाहिलं आणि मला हसू आवरेना. पण मनातून मला त्यांचा अभिमानच वाटला, तो मी कधी बोलून दाखवला नाही.

ज्या जिनिंगने तो कान तयार केला, त्याच जिनिंगने तो खाल्लाही. यंत्रांच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! हल्ली कुकरच्या शिट्ट्या मी पलंगावरून मोजायची आणि हे ओट्याशी उभे राहून तिसरीची वाट बघत बसायचे, कुकर पाचवीला पोचलेला असायचा. टीव्ही तर शेजाऱ्यांसाठीच लावलेला असावा इतका मोठा. बहिरे झाला आहात, असं त्यांना कोणी म्हणालं नाही. मीही नाही. मी फक्त मोठ्याने बोलायला लागले, आणि लोक म्हणायला लागले, आजारपणात बाई कजाग झाली.

आणि आता हाच माणूस माझ्यासाठी इंजिन निवडणार होता.

दिग्रसला जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाच्या आवारात तसल्या दोन गाड्या आल्याचं कळलं. शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली, पुढची सीट पूर्ण पाडून मी तेवढ्या अंतरापुरती कशीबशी झोपले आणि हे चालवायला बसले. मागून ट्रक हॉर्न वाजवतो आहे आणि हे मजेत रस्त्याच्या मधोमध. मी त्यांच्या दंडाला हात लावायची की ते बाजू द्यायचे. आरशात दिसलं म्हणून बाजू दिली, असा त्यांचा चेहरा.

आवारात पहिली गाडी डिझेलची होती. आम्ही पोचलो तेव्हा ती सुरूच होती. ह्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गार इंजिन पायजे. तापल्यावर सारेच गोड बोलते."

"काकाजी, आत्ताच एका गिऱ्हाइकाले दाखवली," विकणारा म्हणाला. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस होता, आणि मला गोड बोलणाऱ्यांची मुळातच अ‍ॅलर्जी आहे.

पेचकस निघाला. डोळे मिटले. आवारातले दोन मेकॅनिक हातातला चहा घेऊन गप्प उभे राहिले. हे बराच वेळ ऐकत होते, म्हणजे निदान तसे उभे होते. मग मान हलवली. "बराबर हाये."

चक्कर मारून पाहायची होती. मागची सीट पाडून सतरंजी घातली आणि मी आत आडवी झाले, पाय पुढे, डोकं डिक्कीकडे. विकणारा चालवत होता, हे त्याच्या शेजारी. सपाट रस्त्यावर काही नव्हतं. पुसदच्या वाटेला चढ लागला, त्याने गाडीला जोर दिला आणि माझ्या पाठीखाली काहीतरी ठोकायला लागलं. खट्खट, खट्खट. कानाला ते अगदी बारीक येत होतं, पण स्क्रू घातलेल्या कमरेला साफ कळत होतं. चढ संपला, त्याने पाय काढला, ठोकणं थांबलं.

"काय म्हणते इंजिन, काकाजी?"

"येक नंबर!" हे म्हणाले.

मला तीच बाभूळ दिसत होती. हे इंजिन मुकुटबनच्या रानात बसणार आणि मी पुन्हा चटईवर. बोलले तर सगळ्यांसमोर ह्यांचा कान गेला. त्या आवारातली माणसं त्यांना जिनिंगपासून ओळखत होती, उद्या सकाळी आर्णीला बातमी पोचली असती. आणि नाही बोलले तर? पूर्ण परतीचा रस्ता मी ओठ चावत राहिले.

आवारात उतरल्यावर म्हटलं, "अजी, मले हिच्यात टोचते."

"गादी टाकू न."

"मोठी गादी टाकली तरी टोचीन. ते दुसरी पाहा."

"इंजिन आयकलं न म्या! डिझेल हाये, वर्षानुवर्षं चालते. कायले जिद्द करून राह्यली?"

"पाहायले पैसे पडतात का?" मी इतक्या जोरात म्हणाले की मेकॅनिक हसले. हे रागावले, पण गेले.

दुसरी गाडी पेट्रोलची होती. कडुलिंबाखाली उभी, रंग उडालेला, काचेवर पाखरांची घाण. बॉनेट थंडगार. सेल्फ मारला तर ती दोनदा कुरकुरली आणि मग धरली. ह्यांनी ऑइलची पट्टी काढून बोटाने चोळली, ऑइलचं झाकण काढून त्या भोकावर तळहात धरला, धूर पाहिला. धूर नव्हता. इंजिन छोटंसंच, पण हेच इंजिन आमच्या भागातल्या निम्म्या छोट्या गाड्यांत आहे, सामान कुठल्याही गावच्या दुकानात टांगलेलं असतं, असं ते स्वतःशीच पुटपुटले. पुटपुटणं मला खाटेवर झोपून ऐकू आलं. विकणाऱ्याने माझ्यासाठी तेवढी खाट टाकली होती.

मग पुन्हा पेचकस. या वेळी मी त्यांच्याकडे नीट बघत होते. त्यांनी मूठ कानाला लावली. काढली. कानामागच्या हाडाला दाबून धरली. पुन्हा काढून दातात धरली. कपाळावर घाम आला होता आणि ऊन तर फारसं नव्हतं. तेव्हा मला कळलं की आपला कान गेला, हे त्यांना माहीत आहे. माझ्याआधीपासून माहीत आहे. मी वर्षभर ज्याला सांभाळत होते, तो माणूस, मला घोर नको म्हणून, मला सांभाळत होता.

पेचकस खिशात घालून ते खाटेपाशी आले. खाली वाकले, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाले, "मले कायीच आयकू येत नाई व. मघाच्या गाडीत तुले काय आयकू आलं, ते सांग."

त्यांना वाटलं, कुजबुजलो. सगळ्या आवाराने ऐकलं. मेकॅनिकांचे हात थांबले. विकणारा कडुलिंबाकडे बघायला लागला. मी एक क्षण डोळे मिटले. आणि माझं कुजबुजणं त्यांना कुठे कळणार होतं! मीही ओरडूनच सांगितलं, "खालून ठोकते!"

"चढावर का उतारावर?"

"चढावर! जोर देल्ला की!"

"पाय काढल्यावर?"

"बंद!"

"बेअरिंग गेलं हाये," हे सरळ उभे राहत म्हणाले. विकणाऱ्याकडे वळून: "जाड ऑइल भरलं न त्याच्यात, आवाज दाबाले?" आवाज ऐकणारी मी होते, पण आजार ओळखणारे हेच होते, आणि ते आवारात सगळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी मला पेट्रोलच्या गाडीत झोपवलं, स्वतः चालवायला बसले, त्याच चढावर गाडी नेली आणि पूर्ण जोर दिला. दर थोड्या वेळाने विचारत होते, "आता?" मी पाठ सतरंजीला दाबून ओरडत होते, "नाई! कायी नाई!"

तीच घेतली.

मुकुटबनला निघताना त्यांनी बजावलं, आवाज बदलला तर त्यांच्या सीटला पायाने ढोसायचं. पांढरकवड्याच्या पुढे मी ढोसलं. जोरात. हे गाडी कडेला घेऊन, बंद करून धावत मागे आले आणि डिक्कीचं दार उघडलं. "काय झालं व?"

मी आजूबाजूला पाहिलं. डांबर संपून सिमेंटचा रस्ता लागला होता. रस्ता बदलला होता, इंजिन नव्हे. मी ते सांगितलं. मला वाटलं आता चिडणार. ते डिक्कीच्या काठावर माझ्या उशाशी बसले. दोन्हीकडच्या तुरीच्या शेतांत कोणी नव्हतं.

"बंद केल्यावर लोखंड थंडं होते न, तवा टिकटिक येते," ते म्हणाले. "येऊन राह्यली का?"

येत होती. त्यांचा हात मी सतरंजीवर उपडा ठेवला आणि त्यावर नखाने वाजवत गेले, येईल तशी. आधी भरभर, मग थांबून थांबून. ते डोळे मिटून बसले होते. शेवटची टिकटिक बराच वेळ आली नाही. ती आल्यावर मी वाजवली, आणि हे उठून गाडी चालवायला बसले.