हो, छानच आहे

मनीषा गांगुर्डेला कोणी म्हणालं, "साडी छान आहे हो," की ती म्हणायची, "हो, छानच आहे." एवढंच. "अगं कुठली, जुनीच आहे" नाही, "सेलमध्ये मिळाली" नाही, आणि "नणंदेने दिली, मला तर रंगच आवडला नव्हता" हे तर नाहीच नाही. मी इंदिरानगरमध्ये वाढले आणि लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून पुन्हा तिथेच राहायला आले. आमच्याकडे कौतुकाला असं सरळ घरात घेण्याची पद्धत नाही. त्याला आधी दारातूनच वाटेला लावायचं, आणि फारच आग्रह झाला तर कुरकुरत आत घ्यायचं. मनीषा त्याला पहिल्याच हाकेला पाट मांडून बसवायची.

अंबडच्या आमच्या कारखान्यात ती टाइम ऑफिसला लागली, म्हणजे कामगारांची हजेरी, रजा, ओव्हरटाइम बघायला. मी त्याच खात्यात, एच.आर.मध्ये, तिच्या वरच्या जागी होते. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने वांग्याच्या भरताचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, "मस्त झालंय."

"झालंच पाहिजे ताई," ती म्हणाली. "लय जपून भाजलंय मी."

त्या क्षणी मी तिच्यावर थोडी भाळले आणि थोडी जळले. पुढे दोन्ही वाढत गेलं, पण जळणं कायम चार पावलं पुढे राहिलं.

ती लासलगावजवळच्या एका खेड्यातली. लहानपणी वडिलांबरोबर कांद्याच्या ट्रॉलीत बसून बाजार समितीत जायची. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॅक्टरपासून दुसऱ्यापाशी जायचा, मूठभर कांदे उचलायचा, भाव पुकारायचा. बरेचसे शेतकरी गप्प उभे असायचे. हिचे वडील मात्र घोळका जवळ आला की आधीच सांगायचे, "माल एक नंबर हाय. बघून बोला." भाव पटला नाही तर "नाय परवडत" म्हणून ट्रॅक्टर वळवायचे.

"दुसऱ्या दिवशी कधीकधी त्याहून कमी भाव मिळायचा," मनीषा हसत सांगायची. "मग आई लय बोलायची. पण अण्णांचं एकच, आपला माल चांगला हाय हे आपण नाय बोललो, तर काय कांदा बोलणार हाय?"

मला ही गोष्ट ऐकायला फार आवडायची. ती गोष्ट एक दिवस माझ्या अंगावर येणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर इतकी आवडली नसती.

आमचे मॅनेजर कुलकर्णी साहेब दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार होते. मालकांचे चिरंजीव, ज्यांना सगळे धाकटे साहेब म्हणायचे, त्यांनी एका मीटिंगमध्ये जाहीर केलं की पुढचा एच.आर. मॅनेजर बाहेरून आणायचा नाही, आपल्यातलाच घ्यायचा. पण त्याच्याकडे एच.आर.मधली पदव्युत्तर पदवी हवी. माझ्याकडे बी.ए. आणि कामगार कायद्याचा जुना डिप्लोमा होता, मनीषाकडे बी.कॉम. कुलकर्णी साहेबांची ती खुर्ची मी मनातल्या मनात केव्हाच पुसूनबिसून ठेवलेली होती. मी लगेच गंगापूर रोडच्या एका कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठीच्या एम.बी.ए.ला नाव घातलं. दुसऱ्या दिवशी मनीषा म्हणाली, "ताई, मी पण घातलं. माझ्या गाडीवर जात जाऊ, तुमचं पेट्रोल वाचंल."

मग दर शनिवार-रविवार मी तिच्या स्कूटीवर मागे बसून शिकायला जाऊ लागले. पुढे ती, मागे मी, हे तिथूनच सुरू झालं असं आता वाटतं. वाटेत ती मला प्रश्न विचारायची आणि मी तिच्या कानाशी ओरडून उत्तरं द्यायचे: मनुष्यबळ नियोजन म्हणजे काय, भरती आणि निवड यांत फरक काय. नोट्स माझ्याच असायच्या. "ताई, तुमचं अक्षर लय भारी," ती म्हणायची. "कुठलं काय," मी म्हणायचे. ती एकदम गाडी हळू करून मान वळवायची आणि म्हणायची, "अहो, खरंच भारी हाय. मी कशाला खोटं बोलू?"

वर्गात एकदा सरांनी विचारलं, माणसाला कामाची प्रेरणा कशाने मिळते? मला सगळे सिद्धांत पाठ होते, गरजांच्या त्या पिरॅमिडच्या पायऱ्यांसकट. पण आपण होऊन हात वर करणं मला प्रशस्त वाटेना. सर माझ्याकडे बघतील, विचारतील, मग सांगू. तेवढ्यात मनीषा उभी राहिली. "सर, साहेबाने नाव घेऊन हाक मारली की." वर्ग हसला. सरांनी मात्र ते फळ्यावर लिहिलं, त्यावरून अर्धा तास बोलले आणि म्हणाले, "व्हेरी गुड."

"थँक यू सर," मनीषा बसता बसता म्हणाली. "मला पण बरं वाटलं ते उत्तर."

अंतिम परीक्षेत माझे गुण तिच्यापेक्षा जास्त होते. हे इथे नोंदवून ठेवते, कारण दुसरं कोणी नोंदवणार नाही.

आता त्या मार्च महिन्याकडे येते. आमच्याकडे दर मार्चमध्ये प्रत्येकाने स्वतःचं अप्रेझल भरायचं असतं. काम, शिस्त, पुढाकार, नेतृत्व अशा एकेका बाबतीत स्वतःलाच पाचपैकी गुण द्यायचे, मग साहेब आपले देतात. हे कसं भरायचं ते नव्या लोकांना मीच शिकवायचे. स्वतःला मात्र मी दरवर्षी सरसकट तीन द्यायचे. मग कुलकर्णी साहेब मला केबिनमध्ये बोलवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, माझे तीन खोडून पाच करायचे आणि म्हणायचे, "काय हे शुभांगीबाई, तुम्हाला तीन म्हणजे मग आम्हाला काय?" मी म्हणायचे, "असू दे हो साहेब." त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर राबायचे, असं म्हटलं तरी चालेल. पगारवाढीच्या पत्रानेसुद्धा मला तितकं बरं वाटायचं नाही.

त्या वर्षी साहेब मार्चच्या आधीच निवृत्त झाले. मी माझे नेहमीचे तीन भरत असताना मनीषा माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, तीन?"

"वरून वाढवतात गं."

"कोण वाढवतंय? आता धाकटे साहेब बघणार."

"त्यांना दिसतं ना काम."

"दिसत आसंल. पण तुम्हीच तीन म्हणल्यावर ते चार कशाला म्हणतील?" तिने स्वतःला सगळीकडे पाच दिले होते. फक्त संगणकाच्या ज्ञानाला दोन. "ते मला खरंच येत नाय," ती म्हणाली.

मी हसले. मनात म्हटलं, शिकली पण वळण काही आलं नाही. तिने आणखी एकदा "बदला ना ताई" म्हटलं, मी मान हलवली, आणि कागद वर गेले.

धाकट्या साहेबांनी मला बोलावलं. माझे कागद त्यांच्यापुढे होते. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, नेतृत्वाला तुम्ही स्वतःला तीन दिलेत. सरासरी. मला मॅनेजर सरासरीपेक्षा वरचा हवाय. तुम्हाला स्वतःलाच वाटत नसेल तर मी आग्रह करणं बरोबर नाही." मी थांबले. ते चष्मा कपाळावर घेतील असं वाटत होतं, पण त्यांना चष्माच नव्हता. "असू दे साहेब," मी म्हणाले आणि बाहेर आले.

मनीषा मॅनेजर झाली. तिने वाटलेला पेढा मी हातात धरून किती तरी वेळ बसले होते. मत्सर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पेढा गिळवत नाही आणि तोंडाने "अभिनंदन" म्हणावं लागतं. ती लबाड असती, चहाडखोर असती, तर मी सुखाने तिच्या नावाने बोटं मोडली असती. तीही सोय तिने ठेवली नव्हती. कामाला ती माझ्याइतकीच होती. तिने फक्त ते तोंडाने सांगितलं होतं.

मॅनेजर म्हणूनही ती चांगली निघाली, म्हणजे माझ्या दृष्टीने आणखी वाईट. चैत्रात आमचे निम्मे कामगार वणीला, देवीच्या गडावर पायी जातात. दरवर्षी ते न सांगता गायब व्हायचे, दरवर्षी कुलकर्णी साहेब नोटिसा काढायचे, आणि त्या नोटिसा मी टाइप करायचे. मनीषा पाडव्याच्या आधीच शॉपवर, कामगारांच्या यंत्रांपाशी जाऊन विचारून आली, "गडावर कोण कोण जाणार? सांगून जा, म्हणजे पाळ्या लावता येतील." सगळ्यांनी सांगितलं, पाळ्या लागल्या, नोटीस एकही निघाली नाही. धाकटे साहेब म्हणाले, "मस्त केलंत मॅडम." ती म्हणाली, "हो, यावेळी चांगलं जमलं." मी शेजारीच बसले होते. इतकं साधं मला इतक्या वर्षांत का सुचलं नाही, या विचाराने मला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

इतरांसमोर ती मला शुभांगी मॅडम म्हणायची. केबिनचं दार लागलं की पुन्हा ताई. "ताई, बसा. भरीत आणलंय." मी खायचे. भरीत आता आणखी चांगलं व्हायला लागलं होतं.

मग तिला चाकणच्या एका मोठ्या कंपनीत बोलावणं आलं. जाण्याआधी खात्याची अप्रेझल्स उरकायची होती. माझा कागद तिच्यापुढे गेला. तेच सरसकट तीन. इतकं होऊनही हात तिथेच गेला. आणि खरं सांगायचं तर मनात एक आशा होती की मनीषा तरी ते खोडेल, पाच करेल आणि काहीतरी बोलेल.

तिने कागद माझ्याकडे परत सरकवला. "मी नाय वाढवणार ताई."

"नको वाढवूस."

"रागावू नका. कुलकर्णी साहेबांनी लाड केले तुमचे. मी खोडून पाच केलं, तर धाकट्या साहेबांना वाटंल मनीषा मॅडमनी जाताजाता मैत्रिणीचं भलं केलं. मग ते पाच माझे झाले. तुमचे कुठं राहिले? तुमच्या हाताने लिहा."

"मला नाही जमत स्वतःची आरती ओवाळून घ्यायला."

"आरती कुठंय? काम तुम्ही केलंय ना? मला अख्खा एम.बी.ए. स्कूटीवर बसून शिकवला. मग ते नेतृत्व नाय तर काय हाय?"

मी कागद उचलला आणि बाहेर आले. दिवसभर धुसफुसत होते. सोपं असतं हिला, मला हिच्यासारखं कधी घडवलंच नाही कोणी, हिला अण्णा मिळाले आणि मला "जास्त बोलू नये" म्हणणारं घर मिळालं, असं काय काय. पाच वाजता पेन काढलं. नेतृत्वापुढचा तीन खोडताना हात इतका अवघडला की पाचाचा आकडा वेडावाकडा आला. एवढ्या सुंदर अक्षराच्या बाईचा तो सगळ्यात घाणेरडा आकडा असेल. मनीषाने तो बघितला, खाली सही केली आणि डबा उघडला.

ती गेल्यानंतर आठवड्याभरात धाकट्या साहेबांनी मला बोलावलं. "मनीषा मॅडमची जागा. जमेल तुम्हाला?"

"प्रयत्न करीन" हे शब्द जिभेवर तयार होते. मला लासलगावचा तो ट्रॅक्टर आठवला, जो मी कधी पाहिलेलाही नाही. "जमेल," मी म्हणाले. "तिच्याहून थोडं चांगलंच जमेल." साहेबांनी वर पाहिलं, हसले आणि हात पुढे केला.

मी मनीषाला फोन केला. मला वाटलं होतं ती हरखेल. ती म्हणाली, "मग? बरोबरच हाय ते." पलीकडे कोणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारत होतं, माझ्या मॅनेजरपदापेक्षा मोठ्या पदाची मॅडम, आणि मला पुन्हा तो पेढा आठवला.

परवा टाइम ऑफिसची नवी मुलगी केबिनमध्ये सही घ्यायला आली. "मॅडम, साडी काय छान आहे," ती म्हणाली.

"हो, छानच आहे," मी म्हणाले.

ती गेली. तिला दारातून परत बोलवून साडी सेलमधली आहे असं सांगावंसं मला इतकं वाटलं की मी टेबलाची कड धरून बसले. नाही सांगितलं. मनीषाला असं काही धरून बसावं लागायचं नाही. तिच्या तोंडी ते आपसूक यायचं, आणि मला तिचा अजूनही हेवा वाटतो.