चार बोटं फट

वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमची खिडकी पूर्वेला होती. घर घेताना आम्हाला तेच आवडलं होतं. वर्षभरात नवऱ्याला अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट लागली. कंपनीची गाडी त्याला सकाळी सातला सोडायची आणि तो आडवा होईपर्यंत खोलीभर ऊन.

म्हणून आम्ही जाड कापडाचे ब्लाइंड्स घेतले. बसवायला आलेल्या माणसाने माप न घेताच ड्रिल लावलं. तो गेल्यावर दोरी ओढली, तर कापड तिरकं उतरलं. उजवीकडे चार बोटं फट राहिली, नेमकी उशीच्या बाजूला.

‘उद्या माणूस पाठवतो’ हे तीन आठवडे फोनवर ऐकून शेवटी मी दुकानात गेले. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“मॅडम, ब्लाइंड्स आम्ही बसवले. सूर्य आम्ही बसवलेला नाही. पलंग सरकवा जरा.”

पलंग सरकवला, तर कपाटाचं दार उघडेना.

एका रविवारी नवरा स्वतःच स्टुलावर चढला. भिंतीचा गिलावा भुसभुशीत निघाला. तीन भोकं वाया गेली आणि चौथ्याला ब्लाइंड्स पट्टीसकट त्याच्या खांद्यावर कोसळले.

“लागलं का रे?”

“राहू दे,” तो म्हणाला. त्या दिवसांत तो जेवणालाही हेच म्हणायचा.

मग मी काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी दारात. “बाहेरून फार वाईट दिसतं हो. आपण सुशिक्षित लोक.” मी भांडायच्या तयारीत होते, पण नवऱ्याने कागद काढून टाकले. त्या दिवसापासून तो स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या बोळात गादी टाकून, डोळ्यांवर रुमाल बांधून झोपू लागला.

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. एका दुपारी पाणी प्यायला जाताना तिचा पाय त्याच्या हातावर पडला. तो असा ओरडला की तिला जागच्या जागी शू झाली. लगेच त्याने तिला जवळ घेतलं. तिच्या आधी तोच रडत होता. पण त्यानंतर ती घरात कुजबुजूनच बोलायला लागली, तो नसतानाही. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, “हिला घशाचा काही त्रास आहे का?”

दिवाळीत तिला घेऊन माहेरी यवतमाळला गेले. तिथल्या अंगणात ती मामेभावंडांबरोबर आरडाओरडा करत धावत होती. मी आनंदाने त्याला फोन लावला.

“ऐक, ऐक, कशी ओरडतेय बघ!”

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “तिथंच शाळेत घाल तिला.”

“आणि मी?”

“तूही राहा.”

मला वाटलं होतं, तो म्हणेल, लवकर या. मी शिफ्ट बदलून मागायला सांगितलं. त्याने ती दोनदा मागितली होती, मला न सांगता. दोन्हीदा नकार आला होता.

जूनमध्ये यवतमाळच्या शाळेत तिचं नाव घातलं. फॉर्मवर सही करायला तो आला, दुपारी जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. स्टँडवरून आम्ही दोघी माहेरी परतलो.