यंत्राला तिची सकाळ ठाऊक नव्हती

भिलाई मध्य प्रदेशात होतं तेव्हाची, नव्वदच्या दशकातली ही सहल. स्टील प्लांटमधले लोक तेव्हा एलटीसीवर, म्हणजे कंपनीच्या प्रवासभत्त्यावर, कन्याकुमारी नाहीतर वैष्णोदेवी करायचे. आमच्याकडे माझ्या बायकोने, सुनंदाने, जेवता जेवता जाहीर केलं, "मले समुद्राच्या आत जायचं आहे."

सुनंदा भंडाऱ्याकडची, लहानपणापासून तलावात पोहलेली. मी प्लांटची मोजमापाची यंत्रं सांभाळणाऱ्या इन्स्ट्रुमेंटेशनमधला फोरमन, पोहणं जेमतेम. पण ती एकदा ठरवून बसली की नाही म्हणायची माझी टाप नसते.

लक्षद्वीपचा परवाना हातात यायला दोन महिने गेले, म्हणून जाणाऱ्यांनी अर्ज आधीच टाकावा. दुर्गहून नागपूर, तिथे गाडी बदलून एर्नाकुलम, पुढे कोचीहून जहाज. रेल्वेचं भाडं एलटीसीत बसलं, डायव्हिंगचा कोर्स मात्र पदरचा आणि चांगलाच महाग. तिखट पुऱ्या बल्लारशापर्यंतच पुरल्या, कारण समोरच्या बर्थवरच्या कुटुंबालाही त्या आवडल्या. जहाजात मी रेलिंग धरून होतो आणि सुनंदा माझ्या वाटचा भातही जेवली. बेटावर रोज ट्यूना आणि नारळ, तेव्हा ठेच्याची बरणी नेलीत तर दुवा द्याल.

चार दिवस शिकण्यात गेले. शिकवणारे सर केरळचे, हिंदी मोजकी, पण माणूस शांत. त्यांच्याकडे दोनच डाइव्ह कॉम्प्युटर होते. एक त्यांच्या हातावर, दुसरा शिकणाऱ्यांपैकी कुणाला तरी मिळायचा. दिसायला जाडजूड घड्याळ. तुम्ही किती खोल आहात, किती वेळ झाला, हे धरून सिलिंडरच्या हवेतला किती नायट्रोजन अंगात मुरला असेल याचा अंदाज बांधतं आणि तिथे अजून किती मिनिटं थांबता येईल ते दाखवतं. मर्यादा ओलांडून वर आलात तर त्याच वायूचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी माणूस लुळाही पडतो.

आता असं यंत्र समोर असताना मी गप्प बसणार? दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारल्या आणि घड्याळ जेट्टीवरून खाली सोडलं. प्रत्येक गाठीनंतर वर ओढून पाहिलं, नोंदलेला आकडा बरोबर. सर हसून म्हणाले, "आप को खुशी हुआ?" झाली होती. हे यंत्र मी पास केलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी माझा कान दुखायला लागला. सरांनी मला त्यांच्या सहकाऱ्याबरोबर उथळ पाण्यात ठेवलं आणि सुनंदाला स्वतःबरोबर अठरा मीटरवर नेलं. मी हट्टाने मागून घेतल्यामुळे दुसरं घड्याळ माझ्या हातावर होतं. सहा मीटरवर मी मासे कमी आणि आकडेच जास्त पाहिले.

दुपारी कान बंदच झाला, म्हणून मी नावेत बसून राहिलो. सुनंदा निघाली तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातावर बांधलं. "रीडिंग ओके आहे, सांभाळ," म्हणालो.

हे वाक्य मी वीस वर्षं म्हणत आलो होतो. आमच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट सुटली की हातातला मीटर पुढच्या माणसाच्या हातात द्यायचा. मीटर जागेचा असतो, माणसाचा नाही. माणसं बदलतात, मीटर तिथेच राहतो. सर तेव्हा सिलिंडर जोडत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

पुढचं मला दोघांकडून कळलं. सुनंदा एका कासवामागे सरांपेक्षा दोन-तीन मीटर खाली गेली आणि तिथेच रेंगाळली. घड्याळ म्हणत होतं, भरपूर वेळ आहे. सरांनी वर चला अशी खूण केली तर तिने मनगट पुढे केलं. तिच्याकडे बावीस मिनिटं, त्यांच्याकडे तीन. सरांनी वाद घातला नाही. कमी आकडा खरा मानून तिचा दंड धरला, सावकाश वर आणलं आणि मुरलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून पाच मीटरवर नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ थांबवलं.

नावेत चढल्याबरोबर त्यांनी विचारलं, "सुबह ये किस के हाथ पे था?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसाच.

यंत्र चुकलेलं नव्हतं. ते माझी उथळ सकाळ मोजून बसलं होतं आणि सुनंदा म्हणजे मीच असं समजत होतं. तिच्या अंगात सकाळच्या अठरा मीटरचा किती नायट्रोजन उरलाय, हे त्याला कुणी सांगणारच नव्हतं.

तासाभराने सुनंदा म्हणाली, "खांदा दुखून राहिला जी."

अशा माणसाला दाबाच्या ज्या टाकीत ठेवतात ती मुख्य भूमीवर, आणि जहाज परवा. सरांनी तिला ऑक्सिजन लावला. बेटावरचे डॉक्टर येऊन हातपाय तपासून गेले. मी तिच्या बाजूला बसून दर पाच मिनिटांनी विचारत होतो, "आता?"

तिने मास्क बाजूला केला. "गेज नाही मी, घडीघडी पाहून राहिले ते!"

ऊन उतरेपर्यंत दुखणं थांबलं. नायट्रोजन होता की सिलिंडरचा पट्टा काचला होता, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आमचं डायव्हिंग तिथेच संपलं. तुम्ही जाल तेव्हा घड्याळ भाड्याने घ्या, जरूर घ्या, पण पहिल्या डुबकीपासून शेवटच्या डुबकीपर्यंत एकच घड्याळ एकाच हातावर राहू द्या. आणि तुमची झोप झाली नाही की पाणी कमी प्यायलात, यातलं त्याला काहीही कळत नाही.

परतीच्या जहाजात मी सुनंदाला हे सगळं समजावत होतो. त्याला काय माहीत असतं, काय नसतं.

"त्या मशीनले नाही माहीत मी सकाळी कुठं होती," ती म्हणाली. "पण तुमाले तर माहीत होतं ना?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. कोची येईपर्यंत मला शरमच वाटत होती.

भिलाईला परतल्यावर महिनाभरातली गोष्ट. सुनंदा दुर्गच्या पोस्टात काउंटरवर कामाला होती. एका संध्याकाळी आली ती पलंगावर आडवीच झाली. अंग मोडून आलंय म्हणाली. मी थर्मामीटर काढला, झटकला, तिच्या तोंडात ठेवला. ताप नव्हता. एरवी मी "काही नाही तुला" म्हणून पेपर उघडला असता.

थर्मामीटर डबीत ठेवला आणि तिच्याजवळ बसलो. "सकाळपासून सांग," म्हणालो.

तिने पाय आवरून मला नीट बसायला जागा करून दिली.

"सकाळपासून? मंग पयले चहा ठेवा. टाइम लागंल."