तांबी

चंद्रपूरहून आलापल्लीला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी होती. वय तिशीच्या आतलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी तिने पिशवीतून कागदाची पुडी काढून उघडली. आत काळपट तांबी होती, दिवस राहू नयेत म्हणून बसवतात ती.

"सकाळीच काढली बाई, सोनोग्राफीत दिसली. डॉक्टरीण म्हणे, पोरगी झाली तवाच बसवली असन. मले कोणी सांगतलं नाई, विचारलं नाई. अन् दुसरं लेकरू काऊन होत नाई म्हणून सहा वर्षं घरचे मलेच बोलून राह्यले."

पुडीच्या घड्या नीट बसेनात, तशी तिने ती वैतागून पिशवीत कोंबली.

"उपास, जडीबुटी, देवाचे खेटे, सगळं केलं. पोटात काय हाये, ते कोणी पाह्यलंच नाई."

"आता होईल सगळं नीट," मी म्हणाले. तिने इतकं कंटाळून पाहिलं, की मला माझीच लाज वाटली.

आलापल्लीला तिचा नवरा उभा होता. "काय म्हणे डॉक्टर?" त्याने विचारलं.

"घरी चला. तुमच्या मायले अन् बहिणीले समोर बसवा, मंग सांगतो."

एवढं बोलून ती त्याच्या पुढे चालू लागली.