भाचीची मुलाखत

झाशी स्टेशनचं नाव अलीकडे बदललं आहे, पण डब्यातल्या एकाही माणसाच्या तोंडी ते नवं नाव आलं नाही. "झाँसी आ गई, झाँसी," एवढीच ओरड झाली आणि मी बॅग ओढत धुक्यात उतरले. नाशिकहून निघताना मुलीनं विचारलं होतं, या थंडीत कुणी कशाला झाशीला जातं? मी म्हटलं, आजोळी. माझे आजोबा इथं रेल्वेत होते आणि आई लग्न होईपर्यंत इथंच वाढली. पण खरं निमित्त होतं माझा मामेभाऊ अनंतदादा. तो इथल्या एका कॉलेजात शिकवतो, आणि मुलांना नोकऱ्या मिळवून द्यायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलंय. कॉलेजात रोजगार मेळावा भरणार होता. माझा जन्म कारखान्यासाठी माणसं निवडण्यात गेला, आता निवृत्त आहे. दादाचा फोन आला, "नंदे, आमची पोरं हुशार आहेत गं, पण साहेबासमोर बसली की दातखीळ बसते. चार दिवस ये आणि त्यांना बोलती कर."

दादा रिक्षा घेऊनच आला होता. रिक्षावाले काका चांगले साठीच्या पुढचे, कानाला मफलर. त्यांनी दादाला विचारलं, "मेहमान कहाँ से?"

"हमारी बुआ की बेटी हैं, नासिक से।"

काकांनी हातात घेतलेली माझी बॅग खाली ठेवली आणि सरळ वाकून माझ्या पायांना हात लावला. मी इतकी दचकून मागे सरले की एका हमालाच्या हातगाडीवर आदळले. "अरे, आप तो बड़े हैं!"

"बड़े हैं तो का भओ? झाँसी की भानजी हो।" (का भओ म्हणजे काय झालं.) एवढं बोलून त्यांनी रिक्षा सुरू केली.

वाटेत दादानं समजावलं. बुंदेलखंडात मुलगी कुणाच्या पाया पडत नाही, थोरलेच तिच्या पाया पडतात. आणि भाची म्हणजे तर विचारायलाच नको. बाई ज्या गावची, त्या सगळ्या गावाची तिची लेक भाची. आई म्हणायची, "आमच्या झाशीला मुलींच्या पाया पडतात," आणि आम्ही भावंडं ते माहेरच्या बढाईत जमा करून हसायचो. बढाई नव्हती तर. आई असती तर तिनं आज मला चांगलंच ऐकवलं असतं.

दादाचं घर प्रेमनगरात आहे. सुनंदावहिनी इथल्याच, त्यांचे पूर्वज पिढ्यांमागे पूजाअर्चेसाठी महाराष्ट्रातून आलेले. तीन लहान खोल्यांचं घर, पण मधल्या खोलीला त्या अजून 'माजघर' म्हणतात. त्यांच्या मुलाला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र तो हिंदीत देतो. "आत्याला पाणी दे रे," म्हटलं की, "दे दिया मम्मी, और चाय भी चढ़ा दी।" दोन भाषांची ही जुगलबंदी दिवसभर चालते आणि कुणाचंच काही अडत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. खोटी मुलाखत घ्यायची म्हणून दादानं टेबल मांडलं, मी पलीकडे बसले. पहिला मुलगा आला तो थेट टेबलाखाली शिरला. माझे पाय शोधत होता! दुसऱ्यानं तेच केलं. तिसऱ्याचा टाय टेबलाच्या खिळ्यात अडकला. मी हात टेकले. उठून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाया पडायचं नाही. मग हात कसा मिळवायचा ते शिकवलं. साहेब उठला रे उठला की आपला हात पुढे, सरळ, घट्ट, आणि नजर त्याच्या डोळ्यांत. सकाळभर आम्ही एकमेकांचे हात हलवत होतो.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की प्रत्येक जण वडील, आजोबा आणि गाव यांच्यापासून सुरू करायचा आणि स्वतःपर्यंत पोचायच्या आत थकायचा. आणि पुढे जे यायचं ते सगळ्यांचं एकच, मोबाइलवरच्या चित्रफितींतून पाठ केलेलं: मी मेहनती आहे, मी सगळ्यांना सोबत घेऊन चालतो, माझा दोष म्हणजे मी फारच परिपूर्णतेच्या मागे लागतो.

त्यात एक मुलगी होती, किरण. ती आली, ताठ उभी राहिली, पायांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी खूश होऊन म्हटलं, "देखो, इसे कहते हैं सलीक़ा!" सगळा वर्ग खो खो हसला. मला एकदम रिक्षावाले काका आठवले. मुलगी ना ती, ती कशाला पाया पडेल! माझी शाबासकी फुकट गेली.

किरण अन्नप्रक्रिया शिकत होती. त्या विषयाच्या मुलांना घेणारी एकच कंपनी मेळाव्याला येणार होती आणि तिला एकच जागा भरायची होती. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ही जागा मिळाली तर ठीक. नाहीतर शिकलेलं सगळं पेटीत घालून पोरगी घरी बसणार. वर्गात पहिली आहे गं, पण तोंड उघडत नाही."

तोंड का उघडत नाही ते बघायला मी तिच्याबरोबर बसनं बरुआसागरला गेले. तलावाच्या कडेला किल्ला, पाण्यावर ऊन, आणि गावात शिरताच आल्याचा वास. तिच्या घराच्या अंगणात आल्याचा ढीग होता. तिच्या आईनं गकरिया (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याचं भरीत वाढलं. तूप इतकं की बोटं चाटताना लाज सोडावी लागली. तिचे वडील, सगळे त्यांना कक्का म्हणत, ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "सबको अदरक एकई संगे निकरत, तो मंडी में कोऊ पूछत नईं। बचो सो सड़ जात।" (सगळ्यांचं आलं एकदमच निघतं, मग बाजारात कुणी विचारत नाही; उरलेलं सडून जातं.)

एवढ्यात किरणची जीभ सुटली. आलं कोणत्या महिन्यात मऊ पडतं, धुऊन ठेवलं तर काय होतं, कॉलेजातल्या वाळवणी यंत्रात तिनं घरचं आलं घालून काय पाहिलं, सगळं हातवारे करत सांगू लागली. मी म्हटलं, "मुलाखतीत हेच सांग."

ती लाजली. "ये भी कोई बताने की बात है, मैडम? अदरक?"

मी परोपरीनं सांगितलं, पण व्यर्थ. परतीच्या बसमध्ये किरणबाई पुटपुटत होत्या, 'मैं मेहनती हूँ'.

मेळाव्याच्या सकाळी कॉलेजचं आवार म्हणजे लग्नघर होतं. मुलांबरोबर आया, काका, आजोबा, डबे, थर्मास. कक्काही आले होते. फाटकाशी त्यांनी डोक्यावरचा गमछा काढला आणि आपल्या लेकीच्या पायांना हात लावला. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, अगदी सहज, जसं रोजचंच. "हओ कक्का, जा रए," (हो कक्का, निघाले) म्हणाली आणि आत गेली. उगाच चष्मा पुसत मी तिच्यामागे गेले.

सभागृहात मांडववाल्याचे पडदे लावून कप्पे केले होते. त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि फटीतून दिसायचंही. मी आणि दादा पडद्याआड उभे राहिलो. हे नियमात बसत नाही, पण आमची माया नियमाबाहेरची होती. कंपनीचे साहेब पिकल्या मिशांचे, प्रेमळ दिसले. मी दादाला खूण केली, काम झालं.

"कहाँ से हो?"

"बरुआसागर से, सर।"

"अच्छा! और ननिहाल?" साहेबांनी आजोळ विचारलं.

"समथर।"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "समथर में किनके यहाँ?"

"बाज़ार वाले मास्टर जी के।"

"अरे! हम तो समथर के ही हैं। तुम तो हमारे गाँव की भानजी निकरीं!" आणि साहेब खुर्चीतून उठले.

साहेब उठला रे उठला की हात पुढे. माझं शिकवणं वाया गेलं नाही. साहेब टेबलाला वळसा घालून तिच्या पायांशी वाकले आणि त्याच क्षणी किरणचा हात सरळ, घट्ट, पुढे आला. तो बसला थेट त्यांच्या कपाळावर. चष्मा उडाला. किरणनं हात मागे घेतला नाही, कारण मी बजावलं होतं की पुढे केलेला हात मागे न्यायचा नाही. शेवटी साहेब तोच हात धरून उभे राहिले. पडद्याआड दादानं तोंडात रुमाल कोंबला.

पण साहेब बसले नाहीत. चष्मा चढवत म्हणाले, "अब हम तुमसे सवाल नहीं पूछ सकते बिटिया। भानजी की परीक्षा नहीं ली जाती, भानजी को दिया जाता है। और नौकरी हमारे घर की चीज़ नहीं कि उठाकर दे दें।" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली, "रेवती मैडम, इनको आप देखिए," आणि स्वतः बाहेर निघून गेले.

"गेलं," दादा म्हणाला. मलाही तसंच वाटलं. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो हिरावला माणसाच्या चांगुलपणानंच.

रेवती मॅडम दक्षिणेकडच्या, केस करकचून बांधलेले, चेहऱ्यावर कामाशिवाय काही नाही. किरणनं सुरू केलं, "मैं मेहनती हूँ, मैं सबको साथ लेकर..."

"यह मैं सुबह से सुन रही हूँ," मॅडम म्हणाल्या. "सबका हाथ भी एक जैसा हिलता है। मुझे यह बताइए, हमारी कंपनी में क्यों आना है?"

मी पडद्याची कड मुठीत धरली. बोल गं बाई, बोल.

"मैडम, आपके यहाँ अदरक साल भर रहता है," ती अखेर म्हणाली. "हमारे आँगन में होली तक सड़ जाता है।" आणि मग जे अंगणात ऐकलं होतं ते सगळं आलं, आधी चाचरत, मग बुंदेलीत घसरत, मग हातवारे करत. वाळवणी यंत्राचा विषय निघाला, तेव्हा मॅडमनी प्रश्न विचारला. किरणनं उत्तर दिलं आणि उलट एक प्रश्न विचारला. मॅडम टेबलावर पुढे झुकल्या. पुढचं फारसं मला समजलं नाही, दोघी आपापल्या विद्येचं बोलत होत्या.

संध्याकाळी ध्वनिक्षेपकावर निवडलेल्यांची नावं पुकारली. किरणचं नाव आलं तेव्हा कक्कांना ते कळलंच नाही, इतक्या जणांनी त्यांना एकदम मिठ्या मारल्या. साहेब गर्दीतून वाट काढत आले आणि खिशातलं पेन किरणच्या हातात ठेवलं. "अब दे सकते हैं," म्हणाले, आणि या वेळी जरा लांबूनच वाकले.

निघायच्या दिवशी किरण आणि कक्का स्टेशनवर आले. कक्कांनी आल्याची पिशवी माझ्या बॅगेला बांधली. गाडी फलाटाला लागली. किरणनं माझ्यासमोर हात धरला, सरळ, घट्ट, नजर डोळ्यांत. मी तो घेतला नाही. मला काय झालं कोण जाणे, मी वाकले आणि तिच्या पायांना हात लावला.

"मैडम!" ती हसत ओरडली, "आपने ही तो मना किया था!"

घरी पोचले तेव्हा लेकीनं दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे नमस्काराला वाकली. मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला वर उचललं. "आता हे बंद," म्हटलं, "मी झाशीची भाची आणि तू माझी लेक." तिला काही कळलं नाही. ती पिशवी हुंगत म्हणाली, "एवढं आलं? सडेल की गं सगळं."

"नाही सडणार," मी म्हटलं. "आमची किरण आहे ना."