पुढच्या सीटवरचा कानिफनाथ

कानिफनाथ तोरडमल पंधरा वर्षं हवाई दलात होता आणि त्या पंधरा वर्षांत तो एकदाही विमानात बसला नव्हता. ही गोष्ट जगात दोनच माणसांना पक्की ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरा त्याच्याबरोबर इंजिनं दुरुस्त करणारा एक मल्याळी फिटर.

त्यांचं ठाणं वैमानिक घडवायचं होतं. दोन सीटांची, दुहेरी पंखांची, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली ती जुनी विमानं. शिकाऊ पोरांच्या हातात त्यांना रोज काही ना काही व्हायचं. दुरुस्ती झाली की पहिल्या उड्डाणाला शिकवणारा साहेब मागच्या सीटवर बसायचा आणि ज्या फिटरनं नट आवळला तो पुढच्या. कागदावर असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा. स्वतःची मान पुढं असली की माणूस पाना नीट फिरवतो, एवढाच त्यातला विचार. कानिफनाथाचा पाना कधीच सैल पडला नाही. अडचण निराळी होती. त्याला लहानपणापासून उंचीचं भय. कडब्याच्या गंजीवर चढला तरी त्याच्या पोटऱ्या लटपटायच्या. मग तो आपल्या वाटणीची रम त्या मल्याळ्याला द्यायचा आणि मल्याळी त्याच्याऐवजी पुढं बसायचा. दोघांचंही भागत होतं.

एवढ्यावर राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण रजेवर आलं की कर्जत तालुक्यातल्या त्याच्या उंबरदऱ्यात लोक पारावर त्याला घेरून बसायचे आणि विचारायचे, वरनं कसं दिसतं? पहिल्या रजेत त्यानं मल्याळ्याकडून ऐकलेलं दोन वाक्यांत सांगितलं. दुसऱ्या रजेत त्यात भर पडली. नदी वरून पिळून टाकलेल्या लुगड्यासारखी दिसते, गुरं म्हणजे सांडलेले मूग, आणि ढगात शिरलं की मिशा ओल्या होतात. मिशांची भर त्याची स्वतःची होती. नोकरी संपवून तो कायमचा गावी आला तेव्हा या गोष्टी इतक्या पक्क्या झाल्या होत्या, की त्याची बायको मनकर्णा माहेरी त्या सांगायची, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते पाहून कानिफनाथ उठून गोठ्याकडं जायचा. त्याला लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून गोष्ट मागं घेता येत नाही, आणि गावाला तर ती रोज नव्यानं हवी असायची.

गावात तो विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचा. हात सोन्याचा होता. इंजिनाला कान लावून कुठं दुखतंय ते सांगायचा. त्र्याहत्तर साली मात्र विहिरीच आटल्या, तेव्हा इंजिनं पोत्याखाली झाकून ठेवलेली होती आणि उंबरदऱ्याची निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, उरलेली सरकारी कामावर खडी फोडत होती. कानिफनाथही फोडत होता. हातोडा मारायलाही कौशल्य लागतं असं तो म्हणायचा, पण ते कुणाला पटायचं नाही.

मार्चातल्या एका गुरुवारी दुपारी त्यानं हातोडा मधेच थांबवला. वरून आवाज येत होता. लोकांना विमान ऐकू आलं. कानिफनाथाला चार सिलिंडरांचं ओळखीचं इंजिन ऐकू आलं, आणि तेही तेल कमी पडलेलं. विमान नगर-सोलापूर रस्त्याच्या अंगानं आलं, गावावर एक घिरटी घातली आणि गावतळ्याच्या कोरड्या पात्रात धूळ उडवत उतरलं. पाणी नसल्यामुळं तळं तेवढ्या कामाचं झालं होतं.

खाली उतरलेल्या माणसाचं तोंड तेलानं काळं झालं होतं. नाव भरुचा, वय साठीकडं झुकलेलं. पूर्वी हवाई दलात शिकवायचे, आता मुंबईकडच्या एका फ्लाइंग क्लबात. हवाई दलानं मोडीत काढलेलं हे विमान बडोद्याच्या एका हौशी गृहस्थानं हैदराबादेत विकत घेतलं होतं, आणि ते बडोद्यापर्यंत उडवत पोचवायचं काम यांच्याकडं आलं होतं. हैदराबादेहून सोलापूर, तिथून नाशिक, मग सुरत, मग बडोदा. एका दमात फार लांब जाण्याएवढं पेट्रोल त्यात मावत नाही, म्हणून असं टप्प्याटप्प्यानं. सोलापूर सोडल्यावर तासाभरात समोरच्या काचेवर तेलाचे शिंतोडे यायला लागले आणि तेलाच्या दाबाचा काटा खाली खाली गेला. हे सगळं त्यांनी पारशी वळणाच्या मराठीत सांगितलं आणि विचारलं, की इथून तार कुठून करता येईल.

कारभारी ढेरे गावातला वजनदार माणूस. तो म्हणाला, तार कशाला, आमचा कानिफनाथ हाय की.

कानिफनाथानं इंजिनाचं झाकण उघडलं. पंधरा वर्षं ज्याच्या पोटात हात घातले तेच इंजिन होतं ते. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून. तेलाच्या टाकीकडून येणारी तांब्याची नळी वळणाजवळ चिरली होती. ती काढून तो सायकलवर मिरजगावला गेला. तिथं भीमा तांबट नावाचा म्हातारा हंडे-कळश्यांना डाग देऊन गळती बुजवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळभर त्याच्याजवळ बसून कानिफनाथानं नळी तापवून मऊ करून घेतली, चिरेवर पितळेचा डाग पाडून घेतला, फुंकून आणि पाण्यात बुडवून पाहिली, आणि शुक्रवारी दुपारी परत येऊन बसवली. साहेबांजवळ तेलाचे दोन डबे होते, ते ओतले. पंखा हातानं फिरवून इंजिन चालू केलं. दहा मिनिटं चालवलं. काटा चाळिसावर, हवा तिथं, उभा राहिला.

भरुचासाहेबांनी वाकून नळी पाहिली, मग त्याच्याकडं पाहिलं. तू कुठल्या ठाण्यावर होतास, एवढंच त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं.

‘‘मग रीत ठाऊक असेल. सकाळी थंडाव्यात एक घिरटी घेऊ. पुढची सीट तुझी.’’

भोवती जमलेल्या माणसांत आनंदीआनंद झाला. कारभारीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. आपला गडी विमानात बसणार आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत. शनिवारी सकाळी खडीवर कुणी जाऊ नये असं तिथल्या तिथं ठरलं, मुकादमानंही मान डोलावली. मनकर्णानं घरी जाऊन नवऱ्याचा एकुलता एक खाकी शर्ट धुऊन वाळत घातला.

कानिफनाथानं इंजिनाचा प्रत्येक सांधा चिंधीनं कोरडा केला, खाली आपलं पांढरं धोतर अंथरलं आणि सगळ्यांना बजावलं, की सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. धोतरावर एक जरी थेंब पडला तरी डाग धरला नाही असं समजायचं. हे त्याचं नेहमीचं तपासणं होतं. पण या वेळी धोतर अंथरताना एक थेंब पडावा असंही त्याला वाटून गेलं. इथं रम घ्यायला मल्याळी नव्हता.

सकाळी तो तळ्यावर पोचला तेव्हा बांधावर सगळं गाव उभं होतं आणि साहेब विमानापुढं उकिडवे बसले होते. धोतरावर वीतभर रुंद तेलाचा डाग होता. इंजिनाचं नाकाड वरपासून खालपर्यंत ओलं होतं.

‘‘गळते आहे,’’ साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. ‘‘असू दे, तांबटाचा डाग शेवटी. मिरजगावला जातो आणि तार करतो. क्लबचा माणूस येईल आठवड्यात.’’

कानिफनाथ खाली बसला. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला, हे इथं सांगून टाकलं पाहिजे. आठवड्यानं क्लबचा माणूस येईल, तो नळी बदलेल आणि पुढच्या सीटवर तोच बसेल. गाव हळहळेल. कानिफनाथानं करायचं ते केलं, तांबटच कच्चा निघाला, असं म्हणतील. त्याला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नव्हता. नुसतं गप्प राहायचं होतं.

पण हाताला सवय असते. त्यानं नाकाडावरून बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं आणि वास घेतला. इंजिनातून आलेलं तेल दहा मिनिटं जळलेलं असतं, त्याला करपट वास येतो. याला करडईचा वास होता. त्यानं नळीच्या सांध्यावर बोट फिरवलं. सांधा खडखडीत कोरडा होता. भीमाचा डाग धरला होता.

हे बांधावर कुणाला दिसत नव्हतं. साहेबांनाही कळलं नव्हतं, त्यांना करडई कशाला ठाऊक असेल. कानिफनाथ तसाच बसून राहिला. पंधरा वर्षांत त्यानं माणसांना पुष्कळ थापा मारल्या होत्या, पण इंजिनाबद्दल एकही नाही. कुठल्या इंजिनाला नसलेला रोग चिकटवला नव्हता आणि असलेला लपवला नव्हता. त्याच्याजवळ खरं म्हणून काही होतं तर ते एवढंच. ते आता या तळ्यात सोडून द्यायचं, की सीटवर जाऊन बसायचं? साहेबांनी पिशवी खांद्याला लावली.

‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘हे इंजिनाचं तेल न्हाई. हे खायचं तेल हाय. डाग पक्का हाय.’’

साहेबांनी बोट लावलं, वास घेतला आणि बांधाकडं पाहिलं. बांधावर चुळबूळ झाली. मग कानिफनाथाची आई, बायडाबाई, काठी टेकत पुढं आली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आवाज खणखणीत.

‘‘म्या घातलं. शनवार हाय. मारुतीला तेल घालून आले, वाटीत उरलं ते ह्याला घातलं. ह्यो बी उडतोच की.’’

त्या साली करडईचं तेल डोळ्यांत घालायलाही मिळत नव्हतं आणि म्हातारीनं ते वाटीनं ओतलं होतं. कुणी हसलं नाही. साहेबांनी तिला हात जोडले आणि कानिफनाथाला म्हणाले, चल.

त्यानं पंखा फिरवला. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. चाकांपुढचे दगड कारभारीनं काढले. कानिफनाथ पंख्याला वळसा घालून आला, खालच्या पंखावर पाय ठेवला आणि पुढच्या सीटवर बसला. पट्टे आवळले, ते इतके की नंतर दोन दिवस खांद्यांवर वळ होते. विमान तळ्यातून धावलं, भेगाळलेल्या मातीवर चार वेळा आदळलं, आणि मग आदळायचं थांबलं. तेवढ्यावरूनच त्याला कळलं, की आपण वर आलो. त्याची नजर दाबाच्या काट्यावर होती. काटा चाळिसावर होता. एकदा विमान कुशीवर कललं तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यातून काहीतरी तांबूस फिरत गेलं, ते त्यानं पाहिलं नाही. काटा चाळिसावरच होता. घिरटी बारा मिनिटांची झाली असं साहेब नंतर म्हणाले.

उतरल्यावर साहेबांनी इंजिन चालूच ठेवलं. त्याच्या हातात हात दिला आणि ऊन चढायच्या आत निघाले. विमान नगरच्या दिशेनं लहान होत गेलं आणि मग नुसता आवाज राहिला, तोही कानिफनाथालाच सगळ्यांत शेवटपर्यंत ऐकू येत होता.

मग गावानं त्याला घेरलं. कारभारीनं विचारलं, जे तो दर रजेत विचारायचा तेच, फक्त या वेळी त्यात आपलं गाव होतं.

‘‘आपलं उंबरदरं कसं दिसतं रं वरनं?’’

गोष्ट तोंडाशी तयार होती. पारावर हजार वेळा सांगितलेली, फक्त नदीच्या जागी तळं घालायचं. मनकर्णा समोरच उभी होती. पण दुसरं काही रचायची कानिफनाथाची ताकद त्या बारा मिनिटांत संपली होती.

‘‘म्या न्हाई बगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘काट्याकडं बगत हुतो.’’

‘‘आरं, पर मागं सांगत हुतास ते?’’

‘‘ते ऐकलेलं हुतं. म्या आज पयल्यांदा बसलो.’’

मग कारभारीनं मान हलवली आणि म्हणाला, बरं. एवढंच. लोक पांगले. काही खडीवर गेले, अर्धा दिवस तरी पदरात पडेल म्हणून. त्या दिवसानंतर कानिफनाथाला पारावर कुणी गोष्ट सांगायला लावली नाही. पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या आणि चार गावांची इंजिनं त्याच्याकडं यायला लागली, पण वरनं कसं दिसतं हे पुन्हा कुणी विचारलं नाही. ते त्याला लागलं. पुष्कळ दिवस लागत राहिलं.

त्या सकाळी मात्र तो आणि मनकर्णा तळ्यातून घरी निघाले. बायडाबाई पुढं काठी टेकत चालली होती. मनकर्णा खाली मान घालून चालत होती. माहेरी काय सांगायचं याचा विचार करत असेल असं त्याला वाटलं, आणि ती आता काय म्हणेल याची त्याला धास्ती वाटली. बांध चढताना तिनं विचारलं.

‘‘भ्या वाटलं का?’’

‘‘लई,’’ तो म्हणाला.

ती थांबली. त्याचा हात तिनं धरला, भर दिवसा, सासू पुढं असताना, आणि तो हात खरंच थरथरतोय हे पाहून सोडला नाही.