चिंचोक्यांचा कॉम्प्युटर

सांगलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या सुभेदारांची मुलगी मला आवडायची नाही, हे आज कबूल करतो. सारख्या बदल्या, म्हणून वडिलांनी तिला घरीच शिकवलं. पंधराव्या वर्षी ती बाहेरून मॅट्रिक झाली. कॉम्प्युटर तिनं कधी पाहिलाही नव्हता.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता; आमच्या प्रोग्रामची पंच केलेली कार्डं पुण्याच्या कॉम्प्युटरवर चालवायला जात. माझा प्रोग्राम तिथून तीनदा उत्तराविना परत आला.

तिनं माझं प्रोग्रामिंगचं पुस्तक वाचायला नेलं होतं. ती फरशीवर खडूनं चौकटी आखायची, त्यांत चिंचोके ठेवायची आणि प्रोग्रामची एकेक ओळ वाचत ते हलवायची. माझा प्रोग्रामही तिनं तसाच चालवून पाहिला.

"दादा, ह्यो फिरतच ऱ्हातोय. थांबायचं तुमी सांगितलंच न्हाई."

बरोबर होतं. मला झोंबलं.

त्याच संध्याकाळी सुभेदारांनी विचारलं, "हिला यंदाच कॉलेजात घालू का रं? झेपंल का?"

"लहान आहे, काका. एक वर्ष थांबा."

तिनं चिंचोके गोळा केले. मग म्हणाली, "तवर तुमचे प्रोग्राम मी तपासून देते, दादा."